शून्याची यादी आणि मापाची यादी: अनेक अ‍ॅलर्जी असताना वजन कसं उतरवायचं

माझ्या थोरल्या बहिणीला गहू, दूध आणि शेंगदाणे चालत नाहीत. वजन उतरवायचं ठरवलं तेव्हा पहिल्याच महिन्यात तिचं दोन किलो वाढलं. "इतकं सगळं बंद आहे, तरी?" हा तिचा प्रश्न. पोळी गेली होती आणि तिच्या जागी साबुदाणा आणि ग्लुटेन-फ्री बिस्किटं आली होती. दूध गेलं, चहात दाट नारळाचं दूध आलं. शेंगदाण्याचा कूट गेला, काजूची पूड आली. बंद केलेल्या पदार्थांना ती डाएट समजत होती, आणि जागा भरायला आलेल्या पदार्थांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

हा गोंधळ मी नंतर बऱ्याच घरांत पाहिला. त्यावर उपाय म्हणजे याद्या दोन करायच्या. अ‍ॅलर्जीची यादी शून्याची. तिच्यात 'थोडंसं' हा शब्दच नाही. वजनाची यादी मापाची, आणि तिच्यात सगळा खेळ 'थोडंसं'चाच. दोन्ही एकत्र झाल्या की दोन्हीकडे घात होतो: अ‍ॅलर्जीच्या पदार्थाला 'एक घास चालतो' म्हटलं जातं आणि भाताला 'अजिबात नको'.

खाली उदाहरण गहू-दूध-शेंगदाण्याचं घेतलं आहे. तुमची नावं वेगळी असतील तर नावं बदला, क्रम बदलू नका.

थांबा: गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुलं, मूत्रपिंडाचा आजार असलेले, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, आणि खाण्याशी आधीच झगडा असलेले यांनी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना सोबत घेतल्याशिवाय यातलं काही सुरू करू नये. दमा आटोक्यात नसेल तर आधी दमा, मग वजन.

## टप्पा १: यादी खरी करा

कागदावर तीन रकाने पाडा.

पहिला रकाना: खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, उलट्या, दम लागणं, चक्कर. ही खऱ्या अ‍ॅलर्जीची लक्षणं. आपल्याकडे याला 'पित्त उठलं' म्हणतात, आमसुलाचं पाणी चोळतात आणि विसरून जातात. तेच 'पित्त' प्रत्येक वेळी कोळंबीनंतर उठत असेल तर ते पित्त नव्हे.

दुसरा रकाना: पोट फुगणं, गुडगुडणं, जुलाब. दुधातली साखर न पचणं यात येतं. त्रास होतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. सीलिॲक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणं, मात्र वेगळा. त्यात लक्षणं पोटाचीच दिसली तरी गहू कायमचा शून्य.

तिसरा रकाना: 'बाधतं', 'उष्ण पडतं', 'वातूळ आहे'. वांगं, पपई, हरभऱ्याची डाळ. हे पदार्थ खोटे ठरवायचे नाहीत, पण त्यांना पहिल्या रकान्यात बसवायचं नाही.

हा कागद घेऊन अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जा. रक्ततपासणीत किंवा त्वचेच्या चाचणीत एखादा पदार्थ पॉझिटिव्ह आला म्हणजे त्याची अ‍ॅलर्जी आहेच असं नाही. शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढाच त्याचा अर्थ. आयुष्यभर त्रास न होता खाल्लेली तूरडाळ केवळ रिपोर्टात लाल दिसली म्हणून सोडू नका. लांबलचक पॅनेलच्या रिपोर्टावर विसंबून वीस पदार्थ बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि वीस पदार्थ बंद असताना वजन नीट उतरवणं जवळजवळ अशक्य असतं. 'फूड इन्टॉलरन्स'च्या नावाखाली होणाऱ्या आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांच्या) तपासण्यांवर तर पैसेच घालवू नका. अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटना त्या ग्राह्य धरत नाहीत.

थांबा: सीलिॲकची शंका असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका. बंद केल्यावर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आणि पहिल्या रकान्यातला पदार्थ 'आता चालतोय का बघू' म्हणून घरी चाखून पाहू नका. ती चाचणी दवाखान्यात, देखरेखीखालीच होते.

तपासा: शून्याच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहिलेलं आहे का? 'कुणीतरी सांगितलं' हे कारण धरायचं नाही.

## टप्पा २: आधी आणीबाणी, मग भाकरी

डाएट म्हटलं की नवे पदार्थ, नवी पाकिटं, बाहेरचं वेगळं खाणं येतं. म्हणजे चूक होण्याच्या जागा वाढतात. म्हणून हा टप्पा आधी.

तीव्र प्रतिक्रियेवर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. सेट्रिझिनसारखी गोळी खाज कमी करते, पण बंद होत चाललेला घसा उघडत नाही. तुम्हाला इंजेक्शन जवळ बाळगायची गरज आहे का, कोणत्या स्वरूपात, कुणी आणि कसं द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरातल्या दोघांना तरी ते करून दाखवायला लावा.

फ्रिजवर चिठ्ठी लावा: आवाज बसला, श्वास लागला, घेरी आली की वाट पाहायची नाही. इंजेक्शन द्यायचं, १०८ ला फोन लावायचा, माणसाला आडवं करून पाय उंचावर ठेवायचे, उठवून चालवायचं नाही. श्वास फारच लागत असेल तर बसू द्यायचं. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.

## टप्पा ३: स्वयंपाकघर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

गिरणी. ज्वारी-नाचणीची भाकरी गव्हाला उत्तम पर्याय, पण पीठ कुठून आणता? गिरणीत तुमच्या आधी कुणाचे गहू दळले गेले असतील तर तुमच्या ज्वारीत गहू आहे. 'दोन मूठ आधी घालून काढून टाकतो' याने भागत नाही. घरघंटी असेल तर ती फक्त सुरक्षित धान्यांची ठेवा. नसेल तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकीट घ्या. आपल्याकडे त्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेनची मर्यादा आहे. मात्र ही मर्यादा सीलिॲकसाठी आखलेली आहे. गव्हाची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर तेवढा अंश चालेल का हे डॉक्टरांना विचारा.

हिंग. रोजच्या फोडणीतला बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात पीठ मिसळलेलं असतं, बऱ्याचदा गव्हाचं. महिनोन्‌महिने गहू 'बंद' असून त्रास चालू, अशा घरात मी आधी हिंगाची डबी उलटी करून वाचतो. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो.

आपलेच मसाले. मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी गहू पडतो. गोड्या मसाल्यात तीळ आणि खोबरं. कोकणातल्या घरी सोडे-जवळ्याचा (सुक्या कोळंबीचा) चमचा दुसऱ्या डब्यात जातो.

खपली. हा सध्याचा आवडता गैरसमज. खपली गहू हा गहूच. रवा, शेवया, दलिया, मैदा, 'मल्टिग्रेन' पीठ, 'डाएट' खाकरा हेही गव्हाचेच. ओट्स अनेकदा गव्हासोबत हाताळलेले असतात.

दूध. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर म्हशीचं, शेळीचं, ए-टू, लॅक्टोज-फ्री (दुधातली साखर काढलेलं) यांतलं काहीही आपल्या मनाने चालवायचं नाही. प्रथिनं जवळपास सारखीच असतात. तुपातही दुधाचा अंश राहू शकतो. आणि व्हे प्रोटीन म्हणजे दूधच. व्यायामशाळेत हे कुणी सांगत नाही.

फुटाणे. वजन उतरवणाऱ्यांचा लाडका खाऊ. भट्टीवर ते त्याच कढईत, त्याच वाळूत भाजतात, जिथे मघाशी शेंगदाणे होते. घरी हरभरे भिजवून शिजवा, किंवा पाकिटातले डाळे लेबल वाचून घ्या.

भांड्यांचं म्हणाल तर तवा, चाळणी, पोळपाट-लाटणं, लाकडी कालथा आणि मिक्सरचं एक भांडं वेगळं. बाकीचं साबणाने नीट घासलं की पुरतं. सुरक्षित स्वयंपाक आधी, पोळ्या नंतर. उडालेली कणीक ओट्यावर बसते, ती ओल्या फडक्याने पुसा, झटकू नका. तळणीचं तेल सामाईक नको. हात साबण-पाण्यानेच धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रथिन काढत नाही.

पाकीट वाचताना: २०२०च्या लेबल नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्यं, कवचाचे जलचर, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आणि झाडावरचा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांची अ‍ॅलर्जीची सूचना द्यावी लागते. त्या यादीत तीळ, मोहरी, हरभरा नाहीत. तुमची अ‍ॅलर्जी त्यांची असेल तर सूचनेवर थांबू नका, घटकांची पूर्ण यादी वाचा, आणि 'मसाले' एवढाच शब्द असेल तर पाकीट परत ठेवा. सुट्या फरसाणाला लेबलच नसतं, म्हणून ते नाहीच.

तपासा: फोडणीचा डबा, चहाचा डबा, औषधांचा डबा. तिन्ही वाचून झाले? जीवनसत्त्वांच्या काही मऊ कॅप्सूलमध्ये सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं तेल असतं.

## टप्पा ४: दोन आठवडे काहीही कमी करू नका

लोकांना हा टप्पा आळसाचा वाटतो आणि ते तो गाळतात. पण ताट सुरक्षित होण्याआधीच उपाशी राहिलात, तर सहाव्या दिवशी भुकेपोटी समोर येईल ते पाकीट फोडाल. भुकेल्या माणसाला लेबल वाचण्याचा धीर नसतो.

या दोन आठवड्यांत पोटभर खायचं, फक्त शून्याची यादी पाळायची, आणि सगळं लिहायचं. काय खाल्लं, किती, त्यानंतर दोन तासांत काय वाटलं. सोबत बंद झालेल्या पदार्थाने नेमकं काय नेलं ते भरून काढायचं. लोक चवीची जागा भरतात, आणि प्रथिनांची, कॅल्शियमची तशीच रिकामी राहते.

दूध गेलं की प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-१२ गेलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे. ५० ग्रॅम नाचणीच्या एका भाकरीतून १७०च्या आसपास मिळतं. मासे चालत असतील तर काट्यासकट खायची बारीक मासळी, शिवाय पालेभाज्या. तरी बहुतेकांना गोळी लागते, ती विचारून घ्या. शाकाहारी असाल आणि दूधही नसेल तर बी-१२ ताटातून मिळणार नाही. रक्त तपासून घ्या.

शेंगदाणे गेले म्हणजे सगळ्या डाळी गेल्या असं नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेले बरेच जण मूग, मसूर, तूर खाऊ शकतात. आधी त्रास न होता खात असाल तर सोडू नका. १०० ग्रॅम सुक्या मूगडाळीत २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तेवढ्याच साबुदाण्यात नावापुरतीही नाहीत आणि कॅलरी मात्र ३५०. कूट नसलेली साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च आणि तेल.

थांबा: दाट नारळाच्या दुधात १०० मिलिलिटरला २००च्या घरात कॅलरी असतात, टोन्ड दुधाच्या तिपटीहून जास्त. सोलकढी पातळ करून वाटीभर ठीक, चहात रोज चार वेळा नको.

## टप्पा ५: आता मापाची यादी

दोन आठवडे अंगावर काही उठलं नाही, पोट शांत आहे, वही भरली आहे. मगच हा टप्पा.

वहीतलं रोजचं खाणं मोजा आणि त्यातून ३०० ते ५०० कॅलरी कमी करा. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरलं तर उत्तम. १२००च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका. यादी आधीच आखूड असताना खाणंही तुटपुंजं केलं तर उतरतात ते स्नायू.

कुठून कमी करायचं? आधी तेल. एक चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, ४५ कॅलरींच्या आसपास. माणशी दिवसाला चार चमचे धरले तर महिन्याला ६०० मिलिलिटर होतात. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर उत्तर डब्यातच आहे. मग साखर-गूळ, मग सुकामेवा, आणि सर्वात शेवटी भात-भाकरी. लोक उलट क्रमाने जातात.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. 'एक वाटी' हे माप नव्हे, प्रत्येक घरची वाटी निराळी. आपल्या वाटीत किती शिजलेला भात बसतो हे एकदा तोलून पाहिलं की पुढे वाटी चालते.

साधारण १४०० कॅलरी आणि ७० ग्रॅम प्रथिनांचा एक दिवस असा:

सकाळी मूगडाळीची दोन धिरडी (डाळ ५० ग्रॅम, तेल एक चमचा) आणि एक उकडलेलं अंडं. अकराला पेरू. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, चमचाभर तेलातली पालेभाजी, कूट न घातलेली काकडीची कोशिंबीर लिंबू पिळून. दही नाही, कूट नाही म्हणून कोशिंबीर ओकीबोकी लागते हे खरं. वरून जिऱ्या-मिरचीची फोडणी आणि जरासं ओलं खोबरं घाला, बदलते. पाचला कोरा चहा आणि घरी शिजवलेले मूठभर हरभरे. रात्री वाटीभर भात, १२० ग्रॅम चिकनचा पातळ रस्सा, वाफवलेली भाजी. शाकाहारी असाल तर रश्शाच्या जागी कुळथाचं पिठलं आणि सोयाबीन चालत असेल तर टोफू. प्रथिनं थोडी कमी भरतील, ती दुपारच्या उसळीत वाढवा.

उपवासाबद्दल दोन शब्द. वरई, राजगिरा, शिंगाडा यांत मुळात गहू नसतो, म्हणून गहू बंद असलेले आनंदतात. पण उपवासाच्या फराळात शेंगदाणा कुठे नसतो? आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही.

## टप्पा ६: नवा पदार्थ एका वेळी एकच

सोमवारी चिया, किन्वा, बदाम दूध आणि प्रोटीन पावडर एकदम सुरू केली, बुधवारी अंग खाजलं. गुन्हेगार कोण? आता चारही बंद, आणि शून्याची यादी विनाकारण लांबली.

एक नवा पदार्थ, थोड्या प्रमाणात, दिवसा, घरी कुणीतरी असताना. मग तीन दिवस दुसरं काही नवं नाही. शून्याच्या यादीतल्या पदार्थाचा सख्खा भाऊ किंवा जोडीदार असेल, म्हणजे कोळंबीची अ‍ॅलर्जी असताना खेकडा किंवा शेंगदाण्याची असताना पहिल्यांदाच काजू, तर आधी डॉक्टरांना विचारा. पावडरी आणि बार शक्यतो नकोतच. एका बारमध्ये दूध, सोया, शेंगदाणा आणि बदाम एकत्र नांदतात.

## टप्पा ७: व्यायाम, आणि एक कमी माहीत असलेला धोका

काहींना एखादा पदार्थ एरवी चालतो, पण तो खाऊन लगेच व्यायाम केला की तीव्र प्रतिक्रिया येते. गहू आणि कोळंबीसारखे पदार्थ यात नेहमीचे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि दारू हा धोका आणखी वाढवतात. व्यायाम करताना अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला, तर 'घाम आला असेल' म्हणून रेटू नका. तिथेच थांबा, जवळच्या माणसाला सांगा, आणि नंतर तपासून घ्या. असं निदान झालं तर तो पदार्थ खाल्ल्यावर सहसा चार तास व्यायाम टाळायला सांगतात.

सुरुवातीला एकट्याने पहाटे टेकडी चढायला जाऊ नका. इंजेक्शन सांगितलेलं असेल तर ते खिशात हवं, गाडीच्या डिकीत नव्हे. उन्हात ते खराब होतं.

## टप्पा ८: घराबाहेर

हॉटेलात 'मी डाएटवर आहे' असं कधीही म्हणू नका. वेटरच्या कानाला ती आवड-निवड वाटते. 'शेंगदाणे चालत नाहीत' म्हटलं तरी तो वरचा कूट बाजूला काढून तीच बशी आणून देतो. सरळ म्हणा, "शेंगदाणा पोटात गेला तर मला दवाखान्यात न्यावं लागतं. भाजीत, चटणीत, तेलात आहे का, आचाऱ्याला विचारून सांगा." उत्तर देताना तो चाचरला तर उठा. साध्या भातालाही डाव कुठल्या भांड्यातला लावतात हे पाहावं लागतं.

नातेवाइकांकडे अडचण उलटी असते. तिथे माहिती असते, पण प्रेम जास्त असतं. "एवढ्याशाने काय होतंय गं?" संक्रांतीला तर तिळगूळ थेट हातावरच येतो, आणि त्यात तिळासोबत बहुतेकदा शेंगदाणाही. बहीण आता जाताना आपला डबा नेते आणि मावशीला आदल्या दिवशीच फोन करते. समोर ताट आल्यावर नाही म्हणणं मावशीच्या जिव्हारी लागतं, आदल्या दिवशी लागत नाही. दिवाळीत चकली, शंकरपाळे, चिवडा एकाच तेलात तळले जातात. आपल्या घरी तळणार असाल तर तुमचा घाणा पहिला.

वजनासाठी मात्र इथे सैल राहा. लग्नात भात जास्त गेला तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं नाही, नेहमीच्या मापावर परत यायचं.

## टप्पा ९: काटा हलत नसेल तर

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. तीन आठवडे फरक नसेल तर या क्रमाने शोधा.

आधी तेल पुन्हा मोजा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मग 'सुरक्षित' खाऊ मोजा. ग्लुटेन-फ्री बिस्किटात गहू नसतो, साखर आणि तूप-तेल भरपूर असतं. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला खाता येईल असं काही सापडलं की तो ते बक्षिसासारखं खातो. माझी बहीण तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचं अख्खं पाकीट एका बसणीत संपवायची, कारण 'निदान हे तरी चालतं'.

मग औषधं पाहा. प्रतिक्रियेनंतर स्टेरॉइड दिलं असेल तर काही दिवस भूक वाढते आणि अंगात पाणी धरतं. त्या आठवड्याचं वजन धरूच नका. सायप्रोहेप्टाडिनसारखी काही अ‍ॅलर्जीची औषधं भूक वाढवतात. रोज घेत असाल तर डॉक्टरांना पर्याय विचारा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

तरीही काही सापडलं नाही तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, आणि टप्पा १चा कागद पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवा. शून्याच्या यादीतलं एखादं नाव देखरेखीखालच्या चाचणीनंतर खोडलं जाऊ शकतं. बहिणीच्या बाबतीत मूग तसाच परत आला. रिपोर्टात तो लाल होता, म्हणून ती तीन वर्षं मुगाशिवाय राहिली होती.